चार्लीचा दाखला

कुत्रा सोबत घेऊन एकट्यानं फिरायचं, तर निम्मा रस्ता कुत्राच ठरवतो. अमेरिकी लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली आपला देश पाहायला निघाला. ट्रकच्या पाठीवर बिछाना-शेगडीची छोटी खोली आणि सोबतीला चार्ली, म्हातारा पूडल कुत्रा. नायगाऱ्यापाशी कॅनडात शिरताना विचारणा झाली : रेबीजची लस टोचल्याचा दाखला? लस कधीकाळी टोचली होती, कागद नव्हता. तो नसला तर परतताना अमेरिकाच चार्लीला आत घेणार नव्हती! स्टाइनबेकनं गाडी वळवली. पुढे चार्लीला लघवी होईना. अखेर टेक्ससमध्ये त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. या प्रवासात बायकोही बरेच दिवस बरोबर होती, हे २०१० मध्ये एका पत्रकारानं शोधून काढलं. चार्लीच्या आजारपणाइतकी जागा पुस्तकात तिला नाही, बरं का.