डाऊन सिंड्रोमचं बाळ आणि त्याचे डोळे

मी डॉक्टर नाही, फौजेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण आमच्या नातवाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणून या विषयाचा अभ्यास करावा लागला. आज फक्त डोळ्यांबद्दल बोलतो, कारण इथे उशीर महागात पडतो.

डाऊन सिंड्रोममध्ये 21 क्रमांकाचं गुणसूत्र एक जादा असतं. त्यामुळे डोळे बाहेरच्या बाजूला किंचित वर चढलेले दिसतात, नाकाजवळच्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असते. काही बाळांच्या डोळ्यांतल्या रंगीत भागावर पांढुरके ठिपके असतात. त्यांना ब्रशफील्ड ठिपके म्हणतात. यातल्या कशानेच नजरेला धोका नाही.

धोका आहे तो जन्मजात मोतीबिंदूचा. तो थोड्याच बाळांना असतो, पण इतर मुलांपेक्षा यांच्यात बराच जास्त आढळतो. बघायला डोळा शिकत नाही, मेंदू शिकतो, आणि तेही पहिल्या काही महिन्यांत. प्रकाशाची वाट अडली तर मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडतो. मग पुढे मोतीबिंदू काढला तरी नजर पूर्ण येत नाही. म्हणून मोतीबिंदू दाट असेल तर शस्त्रक्रिया साधारण पहिल्या दोन महिन्यांत व्हावी लागते.

तो ओळखायचा कसा? डॉक्टर अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपचा उजेड बाळाच्या डोळ्यांवर टाकतात. दोन्ही बाहुल्या सारख्याच लालसर चमकल्या तर ठीक. पांढरी, काळी किंवा कमीजास्त चमक दिसली तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठायचा. मिनिटभराचं काम. प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी ही तपासणी मागून घ्या.

मोतीबिंदू नसला तरी तिरळेपणा, डोळे थरथरणे, सतत पाणी येणे, मोठा नंबर हे या मुलांत नेहमीचं. शिवाय जवळचं स्पष्ट पाहण्याची डोळ्याची ताकदच अनेकांत कमी असते. आमचा नातू चित्रांचं पुस्तक भिरकावून द्यायचा. एका दवाखान्यात सांगितलं, "अशी मुलं अशीच असतात." दुसऱ्या डॉक्टरांनी दुहेरी भिंगाचा चष्मा दिला. आठवडाभरात पठ्ठ्या बोट ठेवून मांजर दाखवू लागला. बुद्धीच्या नावावर खपवलेली अडचण नजरेची होती.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की हैदराबादला, 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत. त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोमही आहे आणि जन्मजात मोतीबिंदूही. जिल्हा रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

तर लक्षात ठेवा: जन्मल्यावर लाल चमकेची तपासणी, सहा महिन्यांच्या आत नेत्रतज्ज्ञ, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना न चुकता. घरात, शेजारी असं बाळ असेल तर हे आजच त्यांना सांगा.

जय हिंद.