पुकारा झाला, अपीलदार गैरहजर

जमिनीचा दावा खालच्या न्यायालयात हरला की माणूस जिल्हा न्यायालयात अपील करतो आणि वकिलावर सोपवून निर्धास्त होतो. तारखेला पुकारा होतो; ना अपीलदार हजर, ना वकील. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 17 नुसार न्यायालय अपील गैरहजेरीपोटी काढून टाकू शकते. गुणदोषांवर मात्र फेटाळता येत नाही. 1976 च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले, ते बरेच झाले. नियम 19 खाली अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज देता येतो. मुदत 30 दिवस, तीही अपील काढून टाकल्याच्या तारखेपासून, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. कारण सबळ हवे: आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्जही लागतो. दरम्यान खालचा हुकूमनामा कायम असतो आणि त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त पुढे सरकू शकते. म्हणून पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर स्वतःही पाहत जा.