बासनात राहिलेला आराखडा : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात

पेढीवरचा जाणता मुनीम मालकास सांगतो, की या हंगामात दूरच्या गावी एवढा माल पाठवू नये. वाटखर्च परवडणार नाही आणि वसुली हाती राहणार नाही. हे ऐकावयास गोड नसते. परंतु ज्याने हिशेब मांडला, त्याला ते सांगणे भाग असते. कोल्हापूरच्या एका सेनापतीने १९५९ साली देशाच्या ईशान्य सीमेविषयी असाच एक अप्रिय हिशेब कागदावर मांडला. तो बासनात बांधून ठेवला गेला आणि तीनच वर्षांत देशाला त्याची किंमत मोजावी लागली. त्या सेनापतीचे नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

कांगावची टेकडी

थोरातांचा जन्म १९०६ सालचा. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर ते पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे प्रमुख होते. त्यांच्या ५१व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीयांकडे होते : थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. भारतीय अधिकारी पलटण चालवू शकेल काय, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जात असे. जानेवारी १९४५ मध्ये कांगाव येथे जपान्यांनी चिवटपणे धरून ठेवलेली टेकडी थोरातांच्या जवानांनी मोठी हानी सोसून, अखेर संगिनींनिशी जिंकली. तिघाही पलटणप्रमुखांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. त्या शंकेला याहून चांगले उत्तर नव्हते.

शस्त्राविना छावणीत

१९५३ मध्ये कोरियातील युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा तटस्थ राष्ट्र म्हणून भारताकडे आला. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि सुमारे सहा हजारांच्या भारतीय रक्षक दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. ताब्यात आलेल्या २२ हजारांहून अधिक कैद्यांपैकी बहुसंख्य साम्यवादविरोधी चिनी होते आणि भारतीयांकडे ते संशयाने पाहत.

पहिल्याच दिवसांत कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून नेले. बळाचा वापर केला असता, तर त्या अधिकाऱ्याचे प्राण आणि अनेक कैद्यांचेही प्राण जाण्याचा धोका होता. थोरात मोजके सहकारी घेऊन शस्त्राविना आत गेले. चवताळलेल्या जमावापुढे बसून त्यांनी चिनी लोकांच्या आतिथ्यशील स्वभावाची त्यांना आठवण करून दिली. वातावरण निवळले आणि अधिकारी सुखरूप परतला. पुढे दोन प्रसंगी गोळीबार टाळता आला नाही, हेही खरे. परंतु शस्त्र हाती असताना ते बाजूला ठेवण्याचा संयम या मोहिमेत दिसला. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र (वर्ग २) आणि पद्मश्री हे सन्मान लाभले.

सीमेचा हिशेब

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे प्रमुख सेनापती झाले. मुख्यालय तेव्हा लखनौस होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली आणि त्यानंतर नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या सीमेची जबाबदारी सैन्याकडे आली. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी संरक्षणाचा आराखडा सेनाप्रमुख थिमय्या यांच्याकडे पाठविला.

त्याचा गाभा व्यापारी माणसास सहज उमगेल असा होता. तिबेटच्या पठारावर चीनने सीमेपर्यंत रस्ते आणले होते. आपल्या बाजूस मात्र पायथ्यापासून पुढे खेचरे, हमाल आणि विमानातून टाकलेली रसद हाच आधार. अशा स्थितीत अगदी सीमेवर निर्णायक लढाई देणे म्हणजे पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला लढणे. म्हणून सीमेवर केवळ इशारा देणाऱ्या चौक्या असाव्यात. शत्रूला उशीर लावत मागे यावे. आणि बोमडिलासारख्या, आपली वाहने पोहोचू शकतील अशा ठिकाणी भक्कम ठाणे मांडून लढावे. तेथवर येईतो शत्रूची रसद ताणली जाईल आणि आपली आटोक्यात असेल. मार्च १९६० मध्ये ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात थोरातांनी हा विचार पडताळून पाहिला. हाती असलेले सैन्य अपुरे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे पटले नाही. चीनला मुत्सद्देगिरीने थोपविता येईल, अशी त्यांची धारणा होती. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. सेनाप्रमुखपदासाठी थिमय्या यांनी त्यांचे नाव सुचविले होते. निवड प्राणनाथ थापर यांची झाली. पूर्व विभाग कांगावचे जुने सहकारी सेन यांच्याकडे गेला.

किंमत

पुढे सीमेवर चौक्या वाढविण्याचे धोरण आले. १९६२ च्या शरदात सातवी ब्रिगेड नामका चू नदीच्या खोऱ्यात, थागला कड्याच्या पायथ्याशी उभी करण्यात आली. थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, दारूगोळा तुटपुंजा होता, रसद आकाशातून येई आणि पुष्कळशी दऱ्यांत हरवे. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ब्रिगेड काही तासांतच मोडली. ब्रिगेडियर जॉन दळवी पुढे कैद झाले. नोव्हेंबरच्या मध्यास सेला आणि पाठोपाठ बोमडिला पडले.

या संकटकाळात पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. थोरातांनी तीन वर्षांपूर्वीच्या आराखड्याची प्रत पुढे ठेवली. हा कागद मला का दाखविला नाही, असे पंतप्रधानांनी विचारले. त्याचे उत्तर संरक्षणमंत्रीच देऊ शकतील, असे थोरातांनी सांगितले. ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

तो आराखडा स्वीकारला असता तर विजय मिळालाच असता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यासाठी लागणारे सैन्य आणि रस्ते एका रात्रीत उभे राहिले नसते. मात्र ते उभारण्यास तीन वर्षांचा अवधी मिळाला असता.

निवृत्तीनंतर थोरातांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. सेनाप्रमुखपद हुकल्याची हळहळ त्यांच्याविषयी बोलताना आजही व्यक्त होते. परंतु त्यांचे खरे मोठेपण पदात नव्हते. वरिष्ठांना काय आवडेल याचा विचार न करता जे खरे दिसले ते त्यांनी वेळेवर, लेखी आणि स्वाक्षरीनिशी मांडले.

पेढी असो वा राष्ट्र, तोटा दाखविणारा कागद पुढे ठेवणारा माणूस मिळणे हे भाग्य होय. तो कागद उघडून वाचणे हे मात्र आपल्याच हाती असते.