सिंगल बार नेमकं काय ताणतो?

बागेतल्या सिंगल बारला लटकणाऱ्या पोराला उंची वाढवायची असते आणि त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या काकांना मणके मोकळे करायचे असतात. पाठ लांबते, हे खरंच आहे. दोन मणक्यांमधली गादी पाणी धरून ठेवते. दिवसभराच्या भाराने त्यातलं थोडं पाणी झिरपून जातं आणि संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एक टक्का, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर बुटका होतो. रात्री आडवं पडलं की गादी पुन्हा पाणी शोषून घेते. जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत दाबमापक बसवून १९९९मध्ये निष्कर्ष मांडले: उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल, आडवं पडल्यावर ०.१. जी विश्रांती अंथरूण सात-आठ तास देतं, ती अर्ध्या मिनिटात बारकडून मागणं मला पटत नाही. बार सोडून पाय टेकले की भार परत येतोच. हाडांची लांबी तर त्यांच्या टोकांच्या कूर्चेत वाढते, ओढून नव्हे.

शिवाय लांब पाठ म्हणजे निरोगी पाठ, हेही गृहीतच. अंतराळवीरांची उंची अंतराळात पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, पण त्यांच्यातल्या अनेकांची पाठ तिथे दुखते आणि परतल्यावर गादी सरकण्याचा धोका वाढतो. कंबरदुखीवर वजन लावून मणके ताणण्याच्या उपचाराचा वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१३मध्ये आढावा घेतला. ३२ चाचण्या तपासूनही ठोस फायदा दिसला नाही.

मग लटकल्यावर इतकं बरं का वाटतं? माझ्या मते उत्तर खांद्यात आहे. कमरेपासून निघून बगलेखालून दंडाच्या हाडाला जोडलेला पाठीचा रुंद स्नायू हात वर गेल्यावरच पुरता ताणला जातो. कीबोर्डवर किंवा स्कूटरच्या हँडलवर दिवस काढणाऱ्यांचे हात डोक्यावर जातातच कधी? हात कानाजवळ न्यायचा तर १८०पैकी सुमारे ६० अंश फऱ्याच्या हाडाला फिरावं लागतं आणि पाठीचा वरचा भाग सरळ व्हावा लागतो. तो आखडलेला असेल तर माळ्यावरचा डबा काढताना आपण कंबर मागे वाकवून उणीव भरून काढतो. बार हीच आखडलेली जागा मोकळी करतो, आणि त्यासाठी अंगाचं सगळं वजन टाकायची गरजच नसते. बार आवाक्यात असेल तर चवडे जमिनीवर टेकून गुडघे हळूहळू वाकवावेत, उंच असेल तर पायांखाली स्टूल घ्यावं. खांदा पूर्वी निखळला असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावं.