वेल वांझ नसते

पावसाळ्यात परसातल्या मांडवावर भोपळ्याची वेल चढते, ढीगभर फुले येतात आणि फळ न धरताच गळून जातात. मग घरातले कुणीतरी म्हणते, "वेल वांझ निघाली, उपटून टाका." आम्ही शिक्षक मुलांना सांगतो, उपटण्याआधी फुलाची मागची बाजू बघा.

भोपळा, दुधी, कारले यांच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुलाला नुसता बारीक, लांब देठ असतो. मादी फुलाखाली इवलेसे फळ आधीच दिसते, तेच अंडाशय. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. ती गळणारच, त्यात वेलीचा दोष नाही.

नर फुलातले परागकण मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर, म्हणजे कुक्षीवर, पोचावे लागतात. तिथे परागकणातून सूक्ष्म नळी फुटते आणि आत बीजांडापर्यंत जाते. या नळीतून नरपेशी बीजांडात पोचते. बीजांडाची बी होते आणि अंडाशयाचे फळ. प्रत्येक बीसाठी वेगळा परागकण लागतो. थोडेच कण पोचले तर फळ वेडेवाकडे वाढते. मुळीच पोचले नाहीत तर ते पिवळे पडून गळते.

भोपळ्याचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. ते मधमाश्या नेतात. पावसाची झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि उमललेल्या फुलांवर औषध फवारले तर त्या मरतात. फळ न धरण्याचे कारण बऱ्याचदा इथेच असते.

अशा वेळी हे काम आपल्याला हातानेही करता येते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते. फजरची नमाज झाली आणि उजाडले की ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. त्याच्यासाठी मगरिबच्या सुमाराची वेळ धरा. मात्र भोपळ्याला भोपळ्याचेच आणि दुधीला दुधीचेच फूल हवे. थोड्याच दिवसांत इवले फळ फुगू लागले, तर काम झाले म्हणून समजा.

हे काम घरातल्या मुलामुलींना करू द्या. पुस्तकातली आकृती त्यांना आपोआप कळेल. आणि वेलीलाच काय, कुणालाही 'वांझ' म्हणण्याआधी कारण शोधावे, ही सवयही घरातूनच लागेल.