रिगली फील्डवरची दुपार

शिकागो कब्स या बेसबॉल संघाचा सामना पाहायचा तर दुपारचाच पाहावा. रेड लाइनच्या गाडीतून ॲडिसन स्थानकावर उतरलं की वस्तीच्या दाटीतच १९१४ सालचं रिगली फील्ड दिसतं. ऑगस्ट १९८८पर्यंत इथे रात्रीच्या सामन्यांसाठी दिवेच नव्हते. आजही घरचे बरेच सामने उन्हात होतात.

खरा चाहता आत शिरताना धावफलकाचा छापील कागद आणि पेन्सिल घेतो. क्षेत्ररक्षणातल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो: चेंडू फेकणारा पिचर १, त्याच्यासमोरचा कॅचर २, असं करत ९पर्यंत. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले, की कागदावर ६-४-३ लिहायचं. क्रिकेटच्या स्कोअरबुकावर वाढलेल्या माणसाला ही लिपी पटकन आपलीशी होते. नवख्याने ती जरूर शिकावी. त्याशिवाय खेळातले संथ क्षण कळतच नाहीत.

मैदानाच्या टोकाच्या विटांच्या भिंतीवर आयव्हीचा वेल आहे. चेंडू त्यात अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. पाहुण्या संघाचा होमरन प्रेक्षकांत पडला, तर चेंडू परत मैदानात भिरकावण्याची इथली रीत आहे. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उभे राहून गातात. कब्स जिंकले, की धावफलकावर निळ्या ‘डब्ल्यू’चा पांढरा झेंडा चढतो. १९०८नंतरचं पुढचं विजेतेपद २०१६मध्ये आलं. तरी मधल्या काळातही लोक या बाकांवर येतच राहिले.