फुलांचा निरोप

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या बाजारात एक चक्कर मारावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग दिसतात. कुठे पिवळे, कुठे केशरी. कोणी किलोवर तोलून घेतो, कोणी तयार हार घेतो. शेजारी आंब्याचे डहाळे आणि आपट्याची पाने. हिंगोलीचा दसरा दूरदूरच्या गावांत नावाजलेला आहे. त्या दिवशी झेंडूशिवाय एकही दार राहत नाही.

खरे म्हणजे फुलावाचून आपले कोणतेच काम होत नाही. बारसे असो, लग्न असो, गुरुजींचा निरोप समारंभ असो, फुले लागतातच. औंढ्याच्या नागनाथाला बेल आणि पांढरे फूल वाहतात. नर्सीला नामदेव महाराजांच्या दर्शनाला जाणारा माणूस हार नेतो. दर्ग्यावर गुलाबाची चादर चढवतात. बुद्धवंदनेला फुले ठेवतात. आणि माणूस शेवटच्या वाटेला निघाला, की त्याच्या अंगावरही फुलेच घालतात.

जवळच्या जवळ हे सोपे आहे. फुले घेतली आणि हातात दिली. पण हल्ली घरची माणसे लांब पांगली आहेत. एक मुलगा पुण्याला कारखान्यात आहे. लेक सासरी नांदेडला आहे. आई गावी आहे. आईची साठी आली, मुलाला सुट्टी नाही. मग त्याने फुले पाठवावीत कशी? पुण्यात घेतलेला हार बसने गावी येईपर्यंत सुकून जाईल.

ह्याला एक तोड आहे. ती आज आपण समजून घेऊ.

जुनी रीत

आपल्याकडे फुले घरपोच देण्याची रीत नवी नाही. गावात गुरव घरोघरी बेल आणि पत्रावळी देत असे. सुगीला त्याला त्याचे बलुते मिळे. शहरात फुलारी रोज सकाळी पूजेच्या फुलांची पुडी दाराशी ठेवतो. तिला फुलपुडी म्हणतात. महिना भरला की पैसे द्यायचे. कितीतरी गावांत ही पुडी अजून चालू आहे.

तेव्हा जवळच्या जवळ फुले पोचवणे आपल्याला माहीत होते. लांबचा प्रश्न मात्र वेगळा होता.

फुले न पाठवता फुले पोचवणे

हा प्रश्न दुसऱ्या देशांतल्या फुलवाल्यांनाही पडला होता. जर्मनीत १९०८ साली आणि अमेरिकेत १९१० साली काही फुलवाल्यांनी एकी केली. त्यांनी ठरवले, की फुले लांब पाठवायचीच नाहीत. फक्त तार पाठवायची.

समजा, एका शहरात गिऱ्हाईक आले. त्याला दुसऱ्या शहरातल्या बहिणीला फुले द्यायची आहेत. पहिला फुलवाला पैसे घेई. मग तो दुसऱ्या शहरातल्या फुलवाल्याला तार करी, "अमक्या पत्त्यावर अमकी फुले द्या." दुसरा फुलवाला आपल्या दुकानातली ताजी फुले नेऊन देई. पैशांचा हिशेब दोघे मागाहून करीत.

म्हणजे फुले जागची हलत नसत. निरोप तेवढा जाई. तार मिनिटांत पोचे, म्हणून फुले ताजी राहत.

आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता तारेच्या जागी फोन आला आहे. काम मात्र त्याच रीतीने चालते.

आपण हे कसे करावे?

दोन वाटा आहेत.

पहिली वाट अशी. मोठ्या शहरातल्या दुकानात किंवा फोनवरच्या कंपनीकडे पैसे भरायचे. ते हिंगोलीच्या फुलाऱ्याला कळवतात. ह्यात सोय आहे. पण मधला माणूस आपला वाटा ठेवतो. उरलेल्या पैशांची फुले होतात. शिवाय अशा कंपन्या बहुधा मोठ्या गावांपर्यंतच फुले पोचवतात. वाडी-तांड्यापर्यंत जात नाहीत.

दुसरी वाट अशी. आपल्या तालुक्याच्या गावच्या फुलाऱ्याला सरळ फोन करायचा. त्याचा नंबर घरच्या माणसाकडून आधीच घेऊन ठेवायचा. पैसे त्याला सरळ पाठवायचे. मधला वाटा वाचतो. तेवढ्या पैशांत फुले जास्त येतात.

बोलणे साधारण असे होते.

मुलगा म्हणतो, "काका, माझ्या आईची साठी आहे. कळमनुरीच्या जवळ आमचं गाव आहे. चांगला गुच्छ पाहिजे."

फुलारी म्हणतो, "दादा, कोणती फुलं पाहिजेत ते सांगा. गुलाब, शेवंती, निशिगंध असंल तर देतो. ते जरबेऱ्याचं मोठं फूल पाहिजे असंल तर नांदेडहून मागवावं लागंल. चार दिवस आधी सांगा."

"आणि घरी कोण नेऊन देईल?"

"आमचा पोरगा गाडीवर नेतो. पेट्रोलचे पैसे वेगळे पडतील बघा."

इतके साधे बोलणे आहे. पण ते आधी व्हायला हवे. लग्नसराईत आणि दसऱ्या-दिवाळीला फुलाऱ्याला मान वर करायला सवड नसते. तेव्हा आठ दिवस आधी सांगावे. फुले, किंमत, पोचवण्याचा खर्च आणि वेळ ह्या चार गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजोबा येत असत. उतारवयात ते सही करायला शिकले. पुढे वर्तमानपत्र वाचू लागले. एके दिवशी सकाळी ते गेल्याची बातमी आली. आम्ही चौघे-पाचजण दुसऱ्या गावी कामात अडकलो होतो. वेळेवर पोचणे शक्य नव्हते. निदान वर्गाच्या वतीने हार तरी जावा, म्हणून आम्ही फुलाऱ्याला फोन केला. गावाचे नाव सांगितले. त्याने लगेच हार दिला आणि पोराला गाडीवर पिटाळले.

त्या नावाची दोन गावे होती. एक एका तालुक्यात, दुसरे दुसऱ्या. आम्ही तालुका सांगितलाच नाही. पोरगा दुसऱ्याच गावी गेला. तिथे विचारीत हिंडला. खरे गाव कळून तो पोचला, तेव्हा माती होऊन गेली होती. माणसे नदीवर अंघोळ करून परतत होती. हार त्यांच्या ओट्यावर ठेवून पोरगा परत आला.

चूक फुलाऱ्याची नव्हती, पोराचीही नव्हती. आम्ही गावोगाव अक्षरे शिकवणारी माणसे. पण त्या दिवशी चार ओळींचा पत्ता आम्ही लिहून पाठवला नाही. ज्या आजोबांना आम्ही लिहायला शिकवले, त्यांचाच पत्ता!

तेव्हापासून आमचा नियम आहे. फोनवर सांगायचे, आणि मागून लिहूनही पाठवायचे.

पत्ता असा लिहावा

कोणाला द्यायची, त्यांचे पूर्ण नाव.
घराची खूण. शाळेमागे, पाण्याच्या टाकीजवळ, असे काही.
गाव आणि पोस्ट.
तालुका.
जिल्हा.
पिन.
घरी कोण असेल, त्याचा फोन नंबर.
दिवस आणि वेळ.
चिठ्ठीवर काय लिहायचे तो मजकूर.

ह्यात दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जुन्या कागदांवर आपल्या गावांपुढे 'जिल्हा परभणी' असे असते. ते पाहून पत्ता लिहू नका. आपल्या जिल्ह्यात पाच तालुके आहेत. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. वसमतला कोणी बसमत असेही लिहितात. गाव एकच आहे.

पिन हा सहा आकड्यांचा नंबर असतो. तो आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. हिंगोली शहराचा पिन ४३१५१३ आहे. आपल्या गावाचा पिन पोस्टात विचारून वहीत लिहून ठेवा. गावांची नावे सारखी असली, तरी पिनवरून फरक कळतो.

कोणाला कोणती फुले?

ज्याच्या घरी फुले जायची, त्याच्या घरची रीत आधी विचारावी. महादेवाला केवडा वाहत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक आहे. अशा गोष्टी घरोघर वेगळ्या असतात. दुःखाच्या घरी भडक रंगाचा, चमकीच्या कागदात बांधलेला गुच्छ पाठवू नये. साधा पांढऱ्या फुलांचा हार बरा. बाळंतिणीच्या खोलीत फार उग्र वासाची फुले नकोत. दवाखान्यात तर काही ठिकाणी फुले आत नेऊच देत नाहीत. आधी विचारून घ्यावे.

फूल फार महाग असले पाहिजे असे नाही. आईला मोगऱ्याचा गजरा आवडत असेल, तर गजराच पाठवा. मात्र मोगरा उन्हाळ्यात मिळतो. शेवंती थंडीत चांगली येते. ज्या दिवसांत जे फूल फुलते ते मागितले, तर स्वस्तही पडते आणि टिकतेही.

फुले टिकवावीत कशी?

तोडलेले फूल लगेच मरत नाही. ते श्वास घेते, पाणी पिते. म्हणून त्याची निगा राखावी लागते.

फुले सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तोडावीत. भर उन्हात तोडलेले फूल लवकर मान टाकते. हार ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवावा. फुलांवर पाणी साचू देऊ नये. साचले तर ती कुजतात.

गुच्छ घरी आला की देठाचे टोक धारदार चाकूने तिरके कापावे. मग देठ स्वच्छ पाण्यात ठेवावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती सडतात. सडलेल्या पाण्यात जंतू वाढतात. त्यांनी देठाची तोंडे बुजतात आणि फुलाला पाणी मिळत नाही. म्हणून पाणी रोज बदलावे.

आणखी एक गोष्ट. फुले पिकल्या केळ्यांजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने कच्ची फळे पिकतात, तशी फुलेही लवकर कोमेजतात.

पैसे देताना सावध

फुलांच्या नावानेही फसवणूक होते. ओळख नसलेल्या जागी सगळे पैसे आधी भरू नका. थोडे आधी, थोडे पोचल्यावर, असे ठरवा. फुले दिल्यावर त्यांचा फोटो मागवा.

कोणी म्हणाले, "तुमच्या नावानं पैसे आलेत, घ्यायला तुमचा गुप्त आकडा टाका," तर टाकू नका. फोनवरून पैसे घ्यायला गुप्त आकडा लागत नाही. तो पैसे द्यायला लागतो. पैसे चोरीला गेलेच, तर लगेच १९३० ह्या नंबरावर कळवावे. दुकानदाराने पैसे घेऊन माल दिला नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे.

फुले पिकवणारा

हार घेताना ज्याने फुले पिकवली, त्याचाही विचार करावा. झेंडू मूळचा आपल्याकडचा नाही. तो अमेरिका खंडातून आला. निशिगंधही तिकडचाच. पण आज ही फुले आपल्या शेतकऱ्याची झाली आहेत. आपला जिल्हा हळदीचा. हळदीच्या शेतात झेंडू लावतात, कारण त्याच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात. त्यात फुलांचे पैसेही मिळतात.

पण फुलाचा धंदा नाजूक आहे. ज्वारी पोत्यात राहते, फूल राहत नाही. दसऱ्याला सगळ्यांचाच झेंडू एकदम बाजारात आला की भाव पडतो. संध्याकाळी उरलेले ढीग रस्त्यावर टाकून शेतकरी रिकाम्या हाताने घरी जातो. त्यात कापडाची आणि प्लास्टिकची फुले आली. ती वर्षभर धुऊन वापरतात. आपण ताजा हार मागितला, तर शेतकरी, हार ओवणारी बाई आणि फुलारी, तिघांच्या घरी चूल पेटते. वर्षभर थोडीथोडी मागणी राहिली, तर शेतकऱ्याला सारे काही एका दसऱ्यावर सोडावे लागत नाही. ज्यांना फुलशेती करायची आहे, त्यांनी कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

फुलांचा धंदा कमीपणाचा नाही. जोतीराव फुले ह्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे होते. घरची माणसे पेशव्यांना फुले पुरवीत. म्हणून आडनाव फुले पडले. त्याच घरातल्या जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. आज आपल्या आया-बहिणी ही ओळ वाचत आहेत, त्याची सुरुवात तिथे आहे.

चिठ्ठी

शेवटी एक सांगतो. फुलांबरोबर चिठ्ठी जरूर पाठवावी. फुलारी छापील कार्ड देतो. ते नको म्हणा. तुमचा मजकूर त्याला लिहून पाठवा आणि तोच कागदावर उतरवून द्यायला सांगा. दोन ओळी पुरे. "आई, तुझी आठवण येते. दिवाळीला येतो. तब्येत सांभाळ."

पूर्वी अशी चिठ्ठी आली की आई ती घेऊन शेजारी जाई. दुसऱ्याच्या तोंडून लेकाचे बोल ऐकावे लागत. आता ती ओट्यावर बसून स्वतः वाचील. चार दिवसांनी फुले तुळशीच्या बुडाशी जातील. चिठ्ठी ती डब्यात जपून ठेवील आणि मन झाले की पुन्हा काढून वाचील.

आता हे करा

१. आपल्या घराचा पूर्ण पत्ता पिनसह वहीत लिहा.
२. तालुक्याच्या गावच्या एका फुलाऱ्याचा नंबर विचारून लिहून ठेवा.
३. लांब असलेल्या आपल्या माणसाला फुलांबरोबर कोणत्या दोन ओळी पाठवाल, त्या लिहा.